काचेवरचा कण

थोरलीची उभी नोकरी कण शोधण्यात गेली. औषधांच्या कारखान्यात एक लांब टेबल, टेबलावर पांढरा दिवा, दिव्यामागे अर्धी काळी अर्धी पांढरी पाटी. त्या पाटीपुढे एकेक बाटली धरायची आणि आत काही तरंगतंय का ते बघायचं. तरंगलं की बाटली बाद. बत्तीस वर्षं तिने हेच केलं आणि डोळ्यांत तेल घालून केलं. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, की बाईंच्या नजरेतून सुटेल असा कण अजून जन्माला यायचाय. सगळे हसले. थोरली हसली नाही, कारण तिला ते खरंच वाटत होतं.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर कुणी बिचाऱ्या स्कॅनरवर फोडणार नाही.

स्कॅनर घरात आला तो आईमुळे. आईच्या डोळ्यांपुढे मधोमध काहीतरी धुरकट यायला लागलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "नजरेचा मधला भाग जाणार. कडेचं दिसत राहील. सहा महिने धरा, फार तर आठ." थोरली औषधाचं, ऑपरेशनचं विचारत राहिली. आई मात्र जिना उतरायला लागली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "मग आता वेळ घालवायला नको. तुझ्या बाबांची चित्रं मला एकदा सगळी बघायची आहेत. मोठी करून. जशी आहेत तशी."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलांच्या एका मासिकात त्यांनी सत्तावीस वर्षं चित्रं काढली. सगळी काळ्या शाईची, सगळी एकाच मापाच्या पुठ्ठ्यावर. छापून झाली की परत यायची आणि आईच्या पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत जायची. जिना चढणारं पोस्टमन अस्वल, टबात न मावणारा देवमासा, चष्मा हरवलेलं घुबड. एका पिढीने ही मंडळी पाहत दूध प्यायलं आणि मग ती पिढी मोठी होऊन त्यांना विसरली. मासिक बंद पडूनही आता तीस वर्षं झाली होती.

पेटी काढली, पण पुठ्ठ्यावरचं चित्र आईला भिंगातूनही धड दिसेना. टीव्हीवरचं मात्र दिसायचं, कारण तो मोठा आणि उजेडाचा. धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब राहायचा. तो फोनवर म्हणाला, "ताई, सोपं आहे. स्कॅन कर, टीव्हीला जोड, आईला भिंतीएवढी दिसतील. आणि इंटरनेटवर एक पेज काढू बाबांचं. लोकांनाही बघू दे की."

"मला जमेल का रे?"

"तुला? तू तर त्या स्कॅनरलाच धारेवर धरशील."

तसंच झालं. बाबांच्या जुन्या टेबलावर स्कॅनर ठेवला, शेजारी लॅपटॉप, हातात मऊ फडकं. त्या टेबलाजवळ बसताना थोरलीला क्षणभर चोरी करतोय असं वाटलं. लहानपणी घरात एकच कायदा होता, टेबलाजवळ फिरकायचं नाही. शाईची दौत सांडली की दोन दिवसांचं काम गेलं. अजून त्या लाकडाला शाईचा वास होता. पहिला पुठ्ठा काचेवर ठेवताना तिला बाबांचं खाकरणं ऐकू आलं, चहा निवायच्या आत पिऊन तोंड भाजून घेणारे, सदा घाईत असलेले बाबा. तिचे डोळे भरून आले. मग थेंब काचेवर पडेल म्हणून तिने ते लगेच पुसले.

चित्र पडद्यावर आलं आणि ती बघतच राहिली. रेघा तर बाबांच्या होत्याच, झटक्यात मारलेल्या, एका दमाच्या. पण सावल्या! देवमाशाच्या पोटाखालची सावली, अस्वलाच्या पिशवीची घडी, घुबडाच्या मानेची पिसं, सगळं बारीक बारीक टिंबांनी भरलेलं. हजारो टिंबं. इथे दाट, तिथे विरळ, आणि एकही दुसऱ्यावर चढलेलं नाही. छापलेल्या मासिकात हे कधी एवढं दिसलंच नव्हतं.

आणि तेवढ्यात तिला कण दिसला.

उजव्या कोपऱ्यात बाबांची सही होती. सहीच्या खाली बोटभर जागा सोडून एक काळा ठिपका. एकटाच, कुठल्याच सावलीत न बसणारा. काचेवर धूळ आहे म्हणून तिने काच पुसली. दुसरा पुठ्ठा ठेवला. ठिपका तिथेच. पुन्हा पुसली, तिसरा ठेवला, पुन्हा तिथेच. पाचव्या पुठ्ठ्याला तिने स्कॅनर उचलला आणि तडक दुकान गाठलं.

दुकानदाराने कोरा कागद स्कॅन करून दाखवला. पांढरा स्वच्छ. "काच चकाचक आहे बाई. ठिपका तुमच्या चित्रावरच असणार."

"सगळ्या चित्रांवर? एकाच जागी?"

"आता ते मी काय सांगू? मी तर स्कॅनर विकतो."

घरी येऊन तिने पुठ्ठे उजेडात धरून पाहिले. खरंच, प्रत्येकावर होता. तिने मनाशी ठरवूनही टाकलं, छापखान्यातली घाण. कुठल्यातरी यंत्राची शाई गळत असणार, पुठ्ठा ठेवला की लागायची. बाबांच्या एवढ्या सुंदर कामाला कुणीतरी सत्तावीस वर्षं डाग लावला आणि कुणाला पत्ता नाही! तिला मनापासून राग आला. मूळ पुठ्ठ्याला तिने हात लावला नाही, तेवढं शहाणपण होतं. पण लॅपटॉपमध्ये डाग पुसायचा ब्रश होता. तो घेतला, चित्र मोठं केलं, आणि ठिपका गायब.

चित्रं दोनशे बारा होती. तिने दोनशे बारा ठिपके पुसले, एकेक करून, हाताने. पोस्टमन अस्वलाच्या चित्रातला तर भलताच चिवट निघाला, त्याला लांबट शेपूट होतं. केस चिकटला असणार म्हणत तिने तोही काढला. पुसलेली फाइल जुन्या फाइलवरच सेव्ह केली. डागाळलेली प्रत ठेवून करायचंय काय, असा तिचा रोकडा विचार. बाद म्हणजे बाद.

या सगळ्यात तीन महिने गेले. आई रोज विचारायची, "झाली का गं?" आणि थोरली म्हणायची, "नीट करतेय आई. घाई नको." स्वच्छ झाल्याशिवाय माल बाहेर सोडायची तिला सवयच नव्हती.

शेवटी एका सकाळी टीव्ही लावला. आईला समोर खुर्चीत बसवलं. धाकट्याने तिकडून पेज सुरू करून दिलं होतं. त्यावर थोरलीने लिहिलं होतं, "आमच्या बाबांची चित्रं. प्रत्येक रेघ आणि प्रत्येक टिंब त्यांच्या हातचं." पहिला देवमासा आला. आई पुढे झुकली. चित्राच्या मधोमध नाही, उजव्या कोपऱ्यात बघायला लागली.

"सही दिसतेय का?" थोरलीने कौतुकाने विचारलं.

"दिसतेय. त्याच्या खाली?"

"खाली काही नाही. धूळ होती, आई. सगळ्या चित्रांवर होती. मी काढली."

"सगळ्यांवरची?"

"एकूण एक."

आई मागे टेकली. दोन्ही हात मांडीवर घेतले. "बरं केलंस," ती म्हणाली. "घर स्वच्छ असावं." आणखी पाच-सहा चित्रं तिने पाहिली, छान छान म्हणाली, आणि मग डोळे दुखतात म्हणून उठून गेली.

दुसऱ्या दिवशीही डोळे दुखले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "उद्या बघू." थोरलीला हे जिव्हारी लागलं. जिच्यासाठी तीन महिने मान मोडून बसलो, तिला बघायचंही नाही? दिवस सरत होते, त्या धुराचं वर्तुळ वाढत होतं, आणि आई स्वयंपाकघरात बसून हाताने चाचपून शेंगा सोलत होती.

पेजवर मात्र गर्दी लोटली. पिढी मोठी झाली होती, पण अस्वलाला विसरली नव्हती. कुणी लिहिलं, याच घुबडाला पाहून मी चष्मा लावायला तयार झालो. कुणी लिहिलं, आजारपणात आई हेच अंक उशाशी ठेवायची. आणि जो तो सावल्यांवर फिदा. थोरली जेवताना आईला वाचून दाखवायची.

"हे ऐक. 'अशी टिंबं काढायला माणसाच्या अंगी केवढा संयम असेल!'"

आई फसकन हसली. "संयम? तुझ्या बाबांना?" मग आपलं आपणच थांबून म्हणाली, "पाणी दे जरा."

थोरलीने पाणी दिलं. तिला त्यात काही खटकलं नाही. बाटलीतला कण शोधणं वेगळं आणि माणसातली गोष्ट ओळखणं वेगळं, आणि दुसऱ्या कामाची नोकरी तिने कधी केली नव्हती.

त्याच आठवड्यात एक कमेंट आली. चार शब्दांची. "चित्रं उत्तम. पण अपुरी."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अपुरी? दोनशे बाराच्या दोनशे बारा लावली होती! तिने खाली ठणकावून लिहिलं, की काय अपुरं आहे ते स्पष्ट सांगावं. उत्तरादाखल एक फोन नंबर आला. तिने लगेच लावला. भांडण उद्यावर ढकलणाऱ्यांतली ती नव्हती.

पलीकडे एक म्हातारा, थरथरता पण मिश्कील आवाज. "मी ब्लॉकमेकर. तुमच्या वडिलांच्या चित्रांचे छपाईचे ठोकळे मी करायचो. जस्ताच्या पत्र्यावर. तू थोरली की काय? फ्रॉकच्या खिशात खडू घेऊन फिरायचीस तीच?"

थोरलीचा अर्धा राग तिथेच गेला. "काका, अपुरी का म्हणालात?"

"टिंब कुठाय?"

"कुठलं टिंब?"

"सहीखालचं. ते असल्याशिवाय मी चित्र कॅमेऱ्याखाली घेत नसे. टिंब नाही म्हणजे वहिनींचं काम बाकी आहे, चित्र परत पाठवा. असा आमचा नियमच होता."

काकांना वाटलं फोन कट झाला. "हॅलो? अगं, रेघा वडिलांच्या. त्यांनी अर्ध्या तासात चित्र काढून मोकळं व्हायचं. पण टिंबं भरायला त्यांचं बूड टेकायचं नाही खुर्चीवर. ती सगळी तुझ्या आईची. तुम्ही पोरं शाळेत गेलात की दुपारभर बसायच्या. छापखान्यात आम्ही त्यांना टिंबवहिनीच म्हणायचो. तुला माहीत नाही?"

"नाही," थोरली म्हणाली. तिचं तिलाच ते ऐकू आलं नाही.

"वडील गेले होते संपादकांकडे. म्हणाले दोन नावं छापा. संपादक म्हणाले, चित्राला चित्रकार एकच असतो, वाचक गोंधळतात. मग तुझ्या वडिलांनी तोड काढली. शेवटचं टिंब सहीखाली, तेही वहिनींनीच द्यायचं. ती त्यांची सही. एकदा आमच्याकडच्या एका नव्या माणसाने डाग समजून ठोकळ्यावरून ते खरवडलं. अंक तसाच छापला गेला. तुझे वडील आले, आरडाओरडा काही नाही, नुसते म्हणाले, पुढचं चित्र मिळणार नाही. संपादकांना तुमच्या घरी जाऊन वहिनींची माफी मागावी लागली, तेव्हा कुठे चित्र मिळालं."

थोरलीला ते आठवलं. दारात उभे राहून चष्मा पुसणारे एक गृहस्थ, आणि त्यांना आत बोलावणारी आई. आपण त्या वेळी समजलो, बाबांकडे कुणीतरी आलंय. आणखीही आठवायला लागलं. शाळेतून आलं की टेबलाजवळ आई असायचीच, आणि ती म्हणायची, टाक धुऊन ठेवतेय. तिच्या उजव्या मधल्या बोटाला एक घट्टा होता, त्यात निळसर काळं काहीतरी मुरलेलं. एवढी वर्षं ते बोट डोळ्यांपुढे होतं. थोरलीला वाटायचं, भाजी चिरून पडलाय.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. आई शेंगा सोलत होती. थोरली तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिने ते बोट हातात घेतलं. घट्टा मऊ पडला होता, पण होता.

"ब्लॉकमेकर काका भेटले," ती म्हणाली. "आई, तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?"

"की ती धूळ नाही म्हणून!"

"तू तीन महिने खपून पुसलंस. एवढ्या प्रेमाने." आईने एक शेंग सोलली. "म्हटलं असेल आता धूळच. चाळीस वर्षांपूर्वीचं टिंब. तुझे बाबा होते तोवर त्याला किंमत होती."

थोरली आयुष्यात फार थोड्या वेळा हमसून रडली होती. त्यातली ही एक. आईने तिला रडू दिलं, मग डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "पुरे. शेंगा भिजतायत."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा टेबलावर बसली. जुन्या फाइली तिनेच मिटवून टाकल्या होत्या, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून दोनशे बारा. या खेपेला कुठलाही ब्रश उघडायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. कागदाचा पिवळेपणा राहू दे, पेन्सिलीची खूण राहू दे, जशी आहेत तशी. आईने तेच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, रस्त्यावर. आपण ऐकलं 'नीट', आणि ती तो शब्द बोललीच नव्हती.

आई शेजारी येऊन बसायची. आता डोळे दुखत नव्हते. हातात पुठ्ठा देऊन थोरली सांगायची कुठलं चित्र ते, आणि आई त्या दुपारचं काहीबाही सांगायची. देवमाशाच्या पोटाला चार दिवस लागले. घुबडाच्या वेळी शाई पातळ निघाली. एका चित्रात बाबांनी उंदराला पाच पाय काढले होते, तो पाचवा तिने टिंबं भरून सावलीत घालवला. "अजून कुणाला कळलेलं नाही," ती खुशीत म्हणाली.

पेजवरचं ते वाक्य थोरलीने काढलं. नवीन लिहिलं, "रेघा बाबांच्या. टिंबं आईची. सहीखाली एक टिंब आहे, ती आईची सही आहे. मी ती धूळ म्हणून पुसली होती." शेवटचं वाक्य कशाला, असं धाकटा म्हणाला. थोरली म्हणाली, "राहू दे. बाद मालाची नोंद करावीच लागते." पहिली कमेंट ब्लॉकमेकर काकांची आली. "आता पुरी."

सगळं संपायला आणखी दोन महिने गेले, आणि डॉक्टरीणबाईंचा अंदाज चुकला नाही. टीव्ही पुन्हा लावला तेव्हा आई खुर्चीत बसून तोंड एका बाजूला वळवून बघत होती, डोळ्याच्या कडेने. आता ती सगळ्याच गोष्टी तशा बघायची.

"कुठलं आहे?"

"पोस्टमन अस्वल."

आई बराच वेळ बघत राहिली. "मला नुसतं करडं दिसतंय गं," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. "उशीर झाला बहुतेक."

तीन महिने तिने खाल्ले होते, तिने एकटीने. मग तिने माउस हातात घेतला आणि चित्र मोठं करायला सुरुवात केली. अस्वल पडद्याबाहेर गेलं. जिना गेला, पिशवी गेली. सहीची अक्षरं मोठी मोठी होत भिंतीकडे सरकली आणि तीही गेली. टिंब आलं, लिंबाएवढं झालं, वाटीएवढं झालं. शेवटी सगळा टीव्ही व्यापून एकच काळा गोळा उरला, डावीकडे शेपूट ओढलेला.

आई उठली. तोंड तिरपं ठेवून टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि पंजा त्या काळ्यावर टेकला.

"हे दिसतंय," ती म्हणाली. "हे माझं."

"त्याला शेपूट का आहे? मला वाटलं केस चिकटलाय."

"केस कसला! तू." आईचा हात त्या शेपटावरून हळूहळू फिरत होता. "तीन वर्षांची होतीस. झोपली आहेस म्हणून मी बसले, तर टेबलाखालून आलीस आणि माझं कोपर ओढलंस. शेवटचं टिंब, आणि नेमकं ते फराटलं. मी खरवडायला पातं घेतलं, तर तुझे बाबा म्हणाले, राहू दे. आता यात आपण तिघंही आहोत."

आईने हात काढला, चाचपत मागे आली आणि खुर्चीत बसली. "आता पुढचं लाव," ती म्हणाली. "तेवढंच मोठं कर."

टीव्हीच्या काचेवर आईची पाच बोटं आणि अख्खा पंजा उमटला होता. उन्हात तो स्पष्ट दिसत होता. फडकं थोरलीच्या मांडीवरच होतं. तिने ते घडी करून खणात ठेवलं आणि पुढचं टिंब लावलं.